सात अक्षरांचं आडनाव आणि चार फुल्या: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अनुभव

इंग्रजी मुद्रितशोधनाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ज्या ऑनलाइन सेवेवर तो केला तिचं नाव देत नाही, कारण मला ज्या खोडीबद्दल लिहायचंय ती त्या एकट्या सेवेची नाही. आधी तुमचं नाव विचारायचं आणि मग तेच नाव असभ्य ठरवायचं, असं करणाऱ्या कितीतरी सेवा आहेत. पाचपैकी तीन तारे देतेय. शिकवणं खरोखर चांगलं आहे म्हणून तीन, नाहीतर एकावर थांबले असते.

माझं आडनाव दीक्षित. दीक्षा घेतलेला तो दीक्षित, इतका सरळ अर्थ. पासपोर्टवर ते रोमन लिपीत डी, आय, के, एस, एच, आय, टी असं सात अक्षरांत लिहिलेलं आहे. देवनागरीत ‘क्ष’ हे एकच जोडाक्षर, आणि आपण म्हणतानाही ‘दी-क्षित’ असंच म्हणतो. क आणि ष यांच्यामध्ये फट नाही. रोमन लिपीत मात्र ‘क्ष’चे तुकडे होतात: ‘के’ मागे राहतो, ‘एस-एच’ पुढच्या ‘आय-टी’ला जाऊन चिकटतात आणि विष्ठेसाठीचा इंग्रजी शब्द तयार होतो. राहिलेली पहिली तीन अक्षरंही इंग्रजी कानाला दुसऱ्या एका असभ्य शब्दासारखी लागतात. म्हणजे माझ्या आडनावात मुळात नसलेले दोन शब्द केवळ लिप्यंतराने आले. गंमत अशी की माझा भाऊ हेच आडनाव ‘एक्स’ घालून लिहितो, त्याच्या दाखल्यावर तसंच आहे, आणि त्याला आजवर कुठल्याही चौकटीने अडवलेलं नाही. एकाच घरातलं एकच आडनाव, एक सभ्य आणि एक असभ्य!

नोंदणीच्या दिवशी मी नाव टाकलं, आडनाव टाकलं, ईमेल टाकला आणि बटण दाबलं. आडनावाची चौकट लाल झाली. खाली ओळ आली: हे नाव स्वीकारता येत नाही, कृपया सभ्य भाषा वापरा. मी स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच ओळ. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली आहेत माझी, आणि इथे एक यंत्र मला माझ्याच आडनावाची चूक दाखवत होतं. ‘सभ्य भाषा वापरा’ हे शब्द मला लागले, हे मी लपवत नाही.

मदत कक्षाला लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, भाषा नम्र होती, पण सल्ला असा की आडनाव ‘एक्स’ वापरून लिहावं, म्हणजे अडचण येणार नाही. मी कळवलं की प्रमाणपत्रावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे अशी अट तुमच्याच नियमांत आहे, आणि माझ्या ओळखपत्रावर ‘एक्स’ नाही.

हा सल्ला नवा नाही, म्हणूनच त्यावर थोडं थांबते. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर, म्हणजे एओएल या इंटरनेट सेवेवर, खातं उघडता येईना. त्या गावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत स्त्रीच्या गुह्यांगासाठीचा अत्यंत असभ्य शब्द येतो. कंपनीने तात्पुरता तोडगा काढला तो असा की गावाचं नाव ‘स्कॉन्थॉर्प’ लिहावं. म्हणजे असभ्य शब्द अडवणाऱ्या यंत्राची, त्या गाळणीची, चूक गावाने दुरुस्त करायची. त्या गावाच्या नावाचा अर्थ आहे स्कूमा नावाच्या माणसाची वस्ती, नाव स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतलं, आणि 1086 च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या जमिनींच्या जुन्या सरकारी नोंदवहीतही, त्याची नोंद आहे. नऊशे वर्षांहून जुनं नाव एका यादीपुढे खोटं पडलं. संगणकवाल्यांच्या बोलीत या प्रकाराला आजही ‘स्कंथॉर्प प्रॉब्लेम’ म्हणतात. कारण अगदी साधं आहे. यंत्राकडे वर्ज्य शब्दांची यादी असते, आणि ते पूर्ण शब्द जुळवण्याऐवजी अक्षरांची ओळ जुळवतं. ती ओळ शब्दाच्या सुरुवातीला आली काय, पोटात आली काय, त्याला फरक पडत नाही.

माणूस असं वाचत नाही. शेवरोलेच्या ‘नोव्हा’ गाडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, की स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’, म्हणून लॅटिन अमेरिकेत ती खपली नाही. ही गोष्ट खोटी आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित विकली गेली, आणि मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर ‘नोव्हा’ याच नावाने पेट्रोल विकलं. ज्याची ती भाषा आहे तो शब्द अखंड ऐकतो, त्यावरचा आघात ऐकतो, त्याचे तुकडे करत बसत नाही. अर्थात काही नावं अखंड ऐकूनही वाईटच लागतात. मित्सुबिशीची ‘पजेरो’ स्पेनमध्ये ‘मोंतेरो’ झाली आणि ह्युंदाईची ‘कोना’ पोर्तुगालमध्ये ‘कवाई’ झाली, ती तिथल्या बोलीतल्या अश्लील अर्थांमुळे, आणि ते बदल योग्यच होते. गाडीचं नाव बदलायला एक बैठक पुरते. आडनावाचं तसं नाही.

पुन्हा माझ्या नोंदणीकडे. तिसऱ्या दिवशी मदत कक्षातल्या एका बाईंनी माझ्या खात्यापुरती ती तपासणी बंद केली आणि मी आत गेले.

अभ्यासक्रमाबद्दल आता मनापासून चांगलं लिहिते. बारा धडे आहेत आणि प्रत्येक धड्याला कच्चं प्रूफ मिळतं. त्यावर खुणा करून पाठवायच्या, मग शिक्षक त्या खुणांवर खुणा करून परत पाठवतात. मला स्वल्पविरामाचा आणि जोडरेघेचा धडा सगळ्यात उपयोगी वाटला. एका जोडरेघेने काय होतं हे शिकवताना त्यांनी संकेतस्थळांच्या पत्त्यांचं उदाहरण घेतलं. तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याचं ‘एक्स्पर्ट्स एक्स्चेंज’ नावाचं संकेतस्थळ आहे. पत्त्यात मोकळी जागा सोडता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या पत्त्यात दोन्ही शब्द चिकटले आणि ते ‘एक्स्पर्ट सेक्स चेंज’ असंही वाचता यायला लागलं. पुढे त्यांनी मधे जोडरेघ घातली. त्या धड्यात मी मनमोकळी हसले, वर्गातले सगळेच हसले. नाव गमतीदार निघालं तर हसू येणारच, त्यात काही वाईट नाही. मला आवडलं ते हे, की शिक्षकांनी चूक जागेच्या अभावावर ठेवली, नाव ठेवणाऱ्यावर नाही. जोडरेघ घाला, नाव तसंच राहू द्या.

आणि याच अभ्यासक्रमाची चर्चेची खोली! तिथे वेगळी गाळणी बसवलेली आहे, अडवणारी नव्हे तर फुल्या मारणारी. मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं की सोबत डॉक्युमेंट जोडलंय. ते प्रकाशित झालं तेव्हा ‘डॉक्युमेंट’च्या आठ रोमन अक्षरांपैकी तिसरं, चौथं आणि पाचवं गायब, त्यांच्या जागी तीन फुल्या. ‘असाइनमेंट’ची पहिली तीन अक्षरं फुल्यांखाली, ‘अ‍ॅनालिसिस’ची पहिली चार, आणि ‘टायटल’चीसुद्धा पहिली तीन. मुद्रितशोधनाच्या वर्गात डॉक्युमेंट, टायटल आणि असाइनमेंट हे शब्द टाळून कसं बोलायचं? फुली पाहिली की वाचणाऱ्याला आधी वाटतं की लिहिणारीने शिवीच दिली. एका सहाध्यायीने मला खरंच विचारलं की तुम्ही इतक्या रागावून का लिहिता. तिला समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

शब्द बदलणाऱ्या गाळण्यांनी तर याहून मोठे गोंधळ केलेत. याहूच्या ईमेल सेवेत संगणकीय आज्ञा रोखण्यासाठी ‘इव्हॅल’ ही अक्षरं दिसली की त्या जागी ‘रिव्ह्यू’ घातलं जाई. त्यामुळे मध्ययुगीन या अर्थाचा ‘मेडिइव्हल’ हा शब्द ‘मेडिरिव्ह्यू’ होऊन लोकांच्या पत्रांत गेला, आणि 2002 साली हे उघड होईपर्यंत तो नसलेला शब्द अनेक लेखांत छापल्यासारखा बसला होता. 2008 साली अमेरिकेतल्या वनन्यूजनाऊ या वृत्तसेवेत ‘गे’ शब्दाच्या जागी आपोआप ‘होमोसेक्शुअल’ घालण्याची सोय होती. धावपटू टायसन गे ऑलिंपिकच्या निवड स्पर्धेत जिंकला आणि बातमीत त्याचं आडनावच बदललं. जिंकलेल्या माणसाचं आडनाव, तेही त्याच्या विजयाच्या बातमीत. मी त्या जागी मुद्रितशोधक असते तर रात्रभर झोपले नसते.

फ्रान्समध्ये बिच नावाचं शहर आहे. स्पेलिंगची पहिली पाच अक्षरं इंग्रजी शिवीची. मार्च 2021 मध्ये फेसबुकने त्या शहराच्या नगरपालिकेचं पान काढून टाकलं, एप्रिलमध्ये चूक मान्य करून परत दिलं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाला 2004 साली काही ईमेल पोहोचतच नव्हते, कारण गाळण्यांना संस्थापकाचं आडनाव कामुक माणसासाठीच्या शब्दासारखं वाटलं. आणि 2020 साली जीवाश्म अभ्यासकांच्या ऑनलाइन परिषदेत ‘बोन’ हा शब्दच अडवला गेला. हाडांच्या अभ्यासकांना हाड म्हणता येईना!

यंत्राचं एक वेळ समजू शकते, माणसांचं जास्त लागतं. 2010 साली न्यूझीलंडच्या सरकारी वाहिनीवर सकाळच्या कार्यक्रमात पॉल हेन्री हा निवेदक दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांचं नाव घेऊन हसत सुटला. भारत सरकारने न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. त्याच सुमारास गव्हर्नर जनरलबद्दलची त्याची आणखी एक शेरेबाजी गाजली आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ती नोकरी सोडली. ती चित्रफीत मी तेव्हा पाहिली होती. आपलं आडनाव घेऊन एक अनोळखी माणूस हसतोय, हे पाहताना कानशिलं तापतात. त्याने एकदा कुणाला उच्चार विचारला असता तरी पुरलं असतं.

ऑस्ट्रियातल्या एका खेड्याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. शंभरेक वस्तीचं गाव. नाव फोको नावाच्या माणसावरून पडलेलं, उच्चार ‘फुकिंग’, पण स्पेलिंग इंग्रजीतल्या सगळ्यात प्रसिद्ध शिवीचं. पर्यटक पाटीपाशी फोटो काढायचे, पाट्या चोरून न्यायचे. शेवटी 1 जानेवारी 2021 पासून गावाने नाव बदलून ‘फुगिंग’ केलं. त्यांचा त्रास मला कळतो. तरी जवळजवळ हजार वर्षं नोंदीत असलेलं नाव दुसऱ्या भाषेच्या हसण्यापायी गेलं, हे मला पटत नाही.

आता शेवटचा प्रसंग, ज्यामुळे हा अभिप्राय लिहायला बसले. बारावा धडा संपला, गुण चांगले मिळाले, प्रमाणपत्र उतरवून घेतलं. सुंदर कागद, बारीक नक्षीची कड, मधोमध माझं नाव. नावापुढे डी, आय, के आणि चार फुल्या. नोंदणीची तपासणी बंद केली होती, पण प्रमाणपत्र छापणारी वेगळी यंत्रणा होती आणि तिच्यापर्यंत कुणी हे पोहोचवलंच नव्हतं. मुद्रितशोधनाच्या प्रमाणपत्रावर, नावाच्याच जागी, फुल्या. मी तो कागद छापून घेतला, लाल पेनाने चारही फुल्यांभोवती गोल केला, समासात आडनाव पूर्ण लिहिलं आणि त्याचा फोटो त्यांना पाठवला. शिकवलेल्या पद्धतीनेच खूण केली होती.

त्याच संध्याकाळी फोन आला. त्याच बाई होत्या, नोंदणी करून देणाऱ्या. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं: तुमचं आडनाव मी कसं उच्चारू? मी ‘दी-क्षित’ सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं. मग सांगितलं की नावाच्या चौकटीवरची ही तपासणी सगळ्यांसाठीच काढून टाकावी अशी मागणी त्यांनी वरती दिली आहे, आणि शंका आलीच तर नाव अडवण्याआधी माणसाने पाहावं. मला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रमाणपत्र आलं. सातही अक्षरं एकेक करून बोट ठेवून वाचली.

नोंदणीची चौकट सुधारली का, हे पाहायला मी परवा एका मैत्रिणीला तिचं खातं उघडायला बसवलं आणि गावाच्या रकान्यात आधी स्कंथॉर्प, मग पेनिस्टोन लिहायला लावलं; तेही इंग्लंडमधलंच गाव, स्पेलिंगची पहिली पाच अक्षरं पुरुषाच्या गुह्यांगासाठीच्या इंग्रजी शब्दाची. दोन्ही गेली. आडनावाच्या रकान्यात माझं आडनाव लिहिलं, तेही गेलं. चर्चेची खोली मात्र आहे तशीच आहे. तिथे माझ्या नावाखाली अकरा टिपांमध्ये डॉक्युमेंटवर अजून फुल्या आहेत. त्या निघाल्या की इथे चौथा तारा देईन.