मिलफर्ड की विल्सन?

ओव्हरलँड पार्क शहरातला मित्र विचारतोय: अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दोन दिवस तंबू ठोकायचाय, सोबत पोरं आणि आई, कुठे जाऊ? मिलफर्ड आणि विल्सन, दोन्ही जलाशय धरणाचेच. या सपाट राज्यात मोठं नैसर्गिक तळं मिळणं कठीण.

अंतरात मिलफर्ड जिंकतो. जंक्शन सिटीजवळ, दोनेक तासांवर. विल्सनला सव्वातीन-साडेतीन तास, तेही आय-७० महामार्गावरून नाकासमोर. पोरं वाटेतल्या सलायना शहराच्या आसपासच "आलं का?" सुरू करणार.

पाण्यात मात्र बाजी विल्सनची. सलाइन नदीवरच्या या तलावाचं पाणी राज्यात सर्वांत स्वच्छ मानलं जातं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात. काठाला वाळूखडकाचे तांबूस कडे, सावली जवळजवळ नाही. आईसाठी छत न्यायचंच. मिलफर्ड राज्यातला सर्वांत मोठा जलाशय, पण उन्हाळ्यात तिथे निळं-हिरवं शेवाळ बऱ्याचदा माजतं. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर दिसला की पोरं आणि कुत्री दूर ठेवायची. निघण्याआधी राज्याच्या आरोग्य विभागाची सूचना बघच.

खर्च? वाहन परवाना दोन्हीकडच्या स्टेट पार्कात लागतो, फरक पेट्रोलचाच.

गळ टाकायचा, मोठा कॅटफिश हवा, तर मिलफर्ड. स्ट्राइप्ड बास मासा हवा किंवा सायकल चालवायची असेल तर विल्सन; तिथली स्विचग्रास सायकलवाट वीस मैलांहून लांब आहे.

तुझी पोरं पाण्यातून बाहेर निघत नाहीत, म्हणून तुला विल्सन. एकाच दिवसात परतायचं असेल तर मिलफर्ड, शेवाळ नसेल तेव्हा.