जुना बार्न: जागेवर दुरुस्ती की उतरवून उभारणी?

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किंवा हडसन खोऱ्यातला ओकच्या चौकटीचा जुना बार्न, म्हणजे गवत-जनावरांसाठीचे लाकडी कोठार, हाती घेतला की स्वयंसेवकांमध्ये पहिला वाद हाच होतो: जागेवर दुरुस्त करायचा, की लाकडे सुटी करून पुन्हा उभारायचा? उतरवू म्हणणाऱ्यांचे चूक नाही. लाकडे जमिनीवर आली की कुजलेला भाग चारही बाजूंनी दिसतो, पाया नव्याने बांधता येतो आणि कामाला भरपूर हात लावता येतात. पायावरची तुळई बहुतेक गेली असेल आणि दगडी पायाही कलला असेल, तर दुसरा मार्ग सहसा उरत नाही.

तरी माझा कल जागेवरच्या दुरुस्तीकडे आहे. कारण खुंट्या, म्हणजे सांध्यात ठोकलेल्या लाकडी मेखा.

सांध्यात एका लाकडाच्या टोकाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसते. कुसवातले भोक खाचेच्या भोकापेक्षा सुमारे ३ मिमी सरकवून पाडलेले असते. खुंटी ठोकली की ती त्यात वाकते आणि सांधा आवळून धरते. दोनशे वर्षांनी ही वाकडी खुंटी सहजी निघत नाही. ती निमुळती असल्याने बारीक टोकाकडूनच ठोकावी लागते. दुसरीकडून ठोकली तर आणखी रुतते. फार जोर लावला की टोक फुलते आणि तिथेच अडकते. मग कोणीतरी १ इंची खुंटीवर ड्रिलचे १ इंची बिट लावतो. बिट सरळ जाते, खुंटी वाकडी, आणि मधले कुसू कुरतडले जाते. त्याऐवजी ५/८ इंची बिटने मधोमध पोखरावे आणि उरलेली कड पटाशीने आत मोडून काढावी. एकेका चौकटीत अशा कितीतरी खुंट्या असतात, आणि उत्साहाने आलेल्या माणसाच्या हातातला घण थांबवणे अवघड. खुंटीपुढचे कुसवाचे टोक फाटले की तो मूळ सांधा गेलाच.

साधारण १८०० पूर्वीच्या बार्नांत प्रत्येक सांधा त्याच दोन लाकडांपुरता कोरलेला असतो. कोणते लाकूड कोणाशी जोडायचे हे सांगणाऱ्या, पटाशीने कोरलेल्या रोमन आकड्यांसारख्या खुणा पाहा. उतरवायचेच असेल तर पहिली खुंटी काढण्याआधी प्रत्येक लाकडावर धातूचा बिल्ला ठोका. कागदी चिठ्ठ्या पावसात जातात.

जागेवर काम संथ चालते, हे मान्य. जॅकपाशी हुकूम एकाचाच हवा, बाकीच्यांना वाट पाहावी लागते. आधी गवत बाहेर काढा आणि फाकलेल्या भिंती वरच्या तुळईच्या उंचीवर तारेने ताणून धरा. मग ठोकळ्यांच्या चळतीवर २० टनी जॅक ठेवून एका फेरीत प्रत्येक खांब ३ मिमीच उचला आणि चळत लगेच वाढवत न्या. रात्री भार जॅकवर नको, चळतीवर हवा.

खांबाचा पाय निरोगी लाकडापर्यंत कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी जाडीच्या तिप्पट ते चौपट, म्हणजे ८ इंची खांबाला २४ ते ३२ इंच. लाकूड व्हाइट ओकच घ्या. रेड ओकच्या नळ्या उघड्या असतात, त्यांतून पाणी वर चढते.

बार्न दुसऱ्या जागी हलवला तर तो नॅशनल रजिस्टर या ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीसाठी सहसा पात्र ठरत नाही, म्हणून राज्याच्या वारसा कार्यालयाशी आधीच बोलावे.

निर्णयापूर्वी टोच्याने प्रत्येक खांब तपासा. कूज खालच्या दोन-तीन फुटांतच असेल तर उतरवण्याची गरज मला तरी दिसत नाही. छत गळून वरची तुळई सांध्यात कुजली असेल, तर त्या टोकाचे वासे उतरवावेच लागतात, पण तेवढेच.