चिनी शिकताना स्पीड डेटिंगला जावं की भाषेचा जोडीदार शोधावा?

शांघायमध्ये राहून चिनी शिकायला लागलं की दोन-तीन महिन्यांत एक अडचण हमखास येते. वर्गात घोकलेलं बोलायचं कोणाशी? ऑफिसात सगळे इंग्रजीवर येतात, दुकानात फोनवर कोड स्कॅन केला की तोंड उघडायची वेळच येत नाही. मग कोणी सुचवतं, भाषेचा जोडीदार बघ. कोणी म्हणतं, स्पीड डेटिंगला जा, तिथे जोडीदार शोधणारे आळीपाळीने थोडा-थोडा वेळ भेटतात, एका संध्याकाळी दहा जणांशी बोलणं होईल. मी दोन्ही करून पाहिलंय.

भाषेच्या जोडीदाराला चिनीत 'यू-पान' म्हणतात. अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची किंवा इंग्रजी, पैशांची देवाणघेवाण नाही. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चुका दुरुस्त होतात. 'मला तुला विचारायचंय' या अर्थाच्या चिनी वाक्यातला 'वन्' (विचारणे) वरून खाली पडणाऱ्या चौथ्या सुरात म्हणायचा. तोच तिसऱ्या सुरात गेला तर 'मला तुझं चुंबन घ्यायचंय' असा अर्थ होतो. माझ्या यू-पानने हे वाक्य माझ्याकडून वीसेक वेळा म्हणवून घेतलं. स्पीड डेटिंगच्या टेबलावर एवढी फुरसत कोणाला असणार? तोटाही तितकाच खरा आहे. समोरच्याचं इंग्रजी तुमच्या चिनीपेक्षा बरं असलं की पंधरा मिनिटांत गप्पा इंग्रजीत घसरतात आणि तिथेच राहतात.

स्पीड डेटिंग १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये एका ज्यू धर्मगुरूने सुरू केलं, आपल्या ज्यू समाजातल्या तरुण मंडळींची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून. चीनमध्ये त्याला 'पा फन्-चोंग युए-ह्वेइ', म्हणजे आठ मिनिटांची भेट, असं नाव पडलं. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. नाव, गाव, काम, इथे किती दिवस: हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. चौथ्या टेबलापर्यंत स्वतःची ओळख न अडखळता सांगता येते, हा माझा अनुभव आहे. ऐकण्याचा सराव तर विचारूच नका. शांघायमध्ये माणसं देशभरातून येतात आणि दक्षिणेकडच्या पुष्कळांच्या बोलण्यात 'श'चा 'स' होतो. 'श्र' म्हणजे दहा आणि 'स्स' म्हणजे चार; त्यांच्या तोंडी हे दोन्ही फक्त सुरावरून ओळखावे लागतात. वर्गातल्या ध्वनिफितीत हे कधी ऐकायला मिळत नाही. (आपल्याला इथे एक सोय आहे. 'चमचा'तला च आणि 'चिवडा'तला च आपण वेगळे म्हणतो, त्यामुळे चिनी च-वर्ग मराठी जिभेला फार जड जात नाही.)

एका टेबलावर समोरच्याने विचारलं, "नी शू शन्म?" मी 'शू' म्हणजे पुस्तक समजले आणि काय वाचतेय ते सांगू लागले. त्याने मला थांबवलं नाही. कागदी रुमालावर पट्टे असलेला वाघ काढला, शेजारी १९९८ लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. प्रश्न होता, तुझ्या जन्मवर्षाचा प्राणी कोणता? वय थेट न विचारता काढून घ्यायची ही जुनी पद्धत, कारण चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो आणि बारा प्राण्यांचं हे चक्र बारा वर्षांनी फिरतं. मी बैल काढला, १९९७. तो तिसऱ्या सुरातला 'शू' त्यानंतर मी कधी विसरले नाही.

ॲपबद्दल थोडक्यात. तानतानसारख्या डेटिंग ॲपवर बहुतेक बोलणं टंकून होतं, भाषांतराचं साधन हाताशी असतं. वाचन सुधारेल, बोलणं नाही.

मग निवडायचं काय? आधी स्वतःला विचारा, तुम्हाला खरंच आयुष्याचा जोडीदार हवाय का. कारण टेबलापलीकडच्या माणसाला तो हवा असतो. शांघायच्या पीपल्स पार्क या बागेत शनिवार-रविवारी आईवडील मुलामुलींची माहिती कागदावर लिहून उघड्या छत्र्यांवर लावतात: वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. आपल्या स्थळांच्या बायोडेटासारखंच. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाची आई तिथे वर्षभर जात होती आणि तो पैसे भरून इथे आला होता, स्वतः कोणाला तरी भेटावं म्हणून. अशा माणसाची आठ मिनिटं केवळ सरावासाठी वापरणं मला पटत नाही. नुसती भाषा हवी असेल तर यू-पानच शोधा, इंग्रजी कच्चं असलेला मिळाला तर उत्तमच.

जोडीदारही हवा असेल तर जरूर जा, पण तयारीने. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०१० च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या पातळीला ६०० शब्द होते, चौथीला १२००. माझ्या मते सहाशेत दुसऱ्याच मिनिटाला गप्पा आटतात, बाराशेत आठ मिनिटं निभतात. तोवर दोन-तीन महिने यू-पानबरोबर हेच ओळखीचे प्रश्न घोटून घ्या. घंटेनंतर बहुतेक जण संपर्कासाठी वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपचा कोड पुढे करतात. मनात नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं वाक्यही यू-पानकडून शिकून ठेवा. आणि शहरात अजून किती दिवस आहात, हे पहिल्या मिनिटातच सांगा. मी 'आणखी दीड वर्ष' म्हटल्यावर दोघांनी तिथल्या तिथे सांगितलं की त्यांना इथेच राहणारं कोणी हवंय, आणि उरलेली सहा-सात मिनिटं आम्ही मोकळेपणाने गप्पा मारल्या.