राजपत्रातून नाव परत घेताना : एका सेवा केंद्राचा अनुभव

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘स्मिता’ हे नाव लिहिले गेले, तेव्हा मी २२ वर्षांची होते. दहावीच्या प्रमाणपत्रावरची ‘यमुना’ त्यानंतर कोणाच्या तोंडी उरली नाही. तब्बल ३५ वर्षांनी ते नाव रीतसर परत घ्यायचे ठरवले आणि घराजवळच्या एका खासगी सेवा केंद्रातून महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची सूचना दिली. हा अभिप्राय त्या केंद्राच्या कामाबद्दल आहे.

अर्ज ऑनलाइन भरला जातो, त्यामुळे मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत नाहीत. केंद्रातील ताईंनी सगळे कागद एकाच बैठकीत स्कॅन केले आणि आडनावही माहेरचे करायचे आहे का, असे कोणताही शेरा न मारता विचारले. मी नको म्हटले. पहिले नाव मला न विचारता बदलले गेले होते. आडनावाशी मात्र इतक्या वर्षांत माझे मी जुळवून घेतले आहे, आणि ते सोडावेसे वाटत नाही.

सही करताना मात्र फजिती झाली. हात सवयीने ‘स्मि’ लिहून मोकळा झाला, असे दोनदा घडले, आणि तिसऱ्या कागदावर शाळकरी वळणाची ‘यमुना’ उमटली. ताईंनी न कुरकुरता नवे कागद दिले, याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत.

टंकलेखनाचे गुण मात्र देता येत नाहीत. पडद्यावर ‘यमूना’ दिसत होते आणि ते दाखवल्यावर ‘चालतं हो, उच्चार तोच आहे’ असे उत्तर मिळाले. हे चालत नाही. राजपत्रात जे अक्षर छापून येते तेच पुढे आधार, पॅन आणि बँकेत जाते, आणि आधारवरील नाव सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते. वर, त्यांचीच चूक दुरुस्त करण्याचे त्यांनी १०० रुपये वेगळे घेतले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती. मुलांच्या दाखल्यांवर आईचे नाव ‘स्मिता’च राहते, त्यामुळे राजपत्राची प्रत मुलांनाही कायम जपून ठेवावी लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. तेव्हा तरुण मुलींनी नाव बदलायचे असल्यास बाळाची जन्मनोंद होण्यापूर्वीच हे काम उरकावे.

पाचांपैकी तीन तारे. केंद्रात जाताना आपले नाव मराठीत आणि इंग्रजीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून, एका कागदावर लिहून न्यावे. मी नेले नव्हते.