वारस नोंदीच्या नावाखाली हक्कसोडपत्र

वडिलांच्या वर्षश्राद्धाला जुन्नरकडे माहेरी गेले होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, सातबाऱ्यावर आपली नावं लावायचीत. उद्या तालुक्याला चल, दोन सह्या कर."

लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं. शंका कशी येणार?

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गर्दी होती. फोटो काढला, अंगठा घेतला. "दस्त मान्य आहे ना?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं. दस्त वाचलाच नाही. घरी आल्यावर वहिनीने ओटी भरून साडी दिली. ती हक्कसोडपत्राची साडी होती, हे मला दीड वर्षाने कळलं. भावाने दहा गुंठे विकल्याचं चुलतभावाकडून ऐकलं, ऑनलाइन सातबारा काढला, तर त्यावर माझं नावच नाही. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल काढली, तिच्यात मी "स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता" हक्क सोडल्याचं लिहिलेलं. तलाठ्याची नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली होती.

बायांनो, नीट ऐका. वारस नोंदीला दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. त्या कामासाठी कुणी तुम्हाला दस्त नोंदवायला नेत असेल तर तिथेच थांबा. दस्ताचं पहिलं पान वाचा, शीर्षक तिथेच असतं. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, म्हणून पुढे केलं तरी तसंच.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित जमिनीतला जन्मसिद्ध हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. लग्नात हुंडा दिला, सोनं घातलं, म्हणून तो संपत नाही.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येतं, पण त्याने नोंदणीकृत दस्त रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मी दावा लावलाय.

भाऊ म्हणतो, ताईने घर मोडलं. नातेवाइकांना तेच पटतं. आई त्याच्याकडे राहते, त्याच्या हातचं खाते. वकील विचारतात, आई साक्षीला येतील का? मी अजून तिला फोन केलेला नाही.