कोलंबियाच्या रंगीत नदीपायी आमचे ७,४८,२५० रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

दोन महिने लिहू की नको चाललं होतं माझं. मुलगा म्हणतो आई कशाला, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. एका टूर एजंटची इन्स्टाग्रामवर जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग "शेवटच्या चारच सीट उरल्यात" हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, मलाही माहिती होतं, तरी फसले, म्हणून लिहितेय.

आमच्या लग्नाला ३० वर्षं झाली म्हणून ठरवलं होतं की कोलंबियाला जायचं. युरोप नाही, दुबई नाही, मला कान्यो क्रिस्तालेस बघायची होती. ला माकारेना गावाजवळची ती नदी, तळाशी एक पाणवनस्पती वाढते आणि अख्खं पात्र लालगुलाबी दिसतं, मध्ये हिरवा, पिवळा, निळा. शिवाय कोकोरा दरीतले मेणाचे ताड, ६० मीटरपर्यंत उंच जातात, जगातले सगळ्यात उंच ताड. आणि सांता मार्ता शहराजवळचं तायरोना राष्ट्रीय उद्यान, जिथे जंगल थेट समुद्राला भिडतं. एजंट मराठी, बोलायला गोड, ताई ताई करणारा. आणि त्याला खरंच माहिती होती हो! नदीत उतरताना सनस्क्रीन आणि डासांचं क्रीम चालत नाही, स्थानिक गाइडशिवाय सोडत नाहीत, हे त्यानेच आधी सांगितलं. असा माणूस लबाड असेल असं कोणाला वाटेल?

पैसे असे गेले. माणशी ३,४२,५०० प्रमाणे दोघांचे ६,८५,०००. १२ सप्टेंबर २०२५ ला टोकन ५०,०००. ६ ऑक्टोबरला ३,५०,०००. ४ नोव्हेंबरला व्हिसाचे म्हणून २९,०००. ३ डिसेंबरला उरलेले २,८५,००० आणि वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर घेतात तो कर, ३४,२५०. व्हिसाचं तर नंतर कळलं की आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता, त्यावर कोलंबियाला वेगळा व्हिसा लागतच नव्हता. म्हणजे ते २९,००० निव्वळ लुटले.

आता जे आठवलं की रात्री झोप लागत नाही ते. प्रोग्राममध्ये तायरोना ७ फेब्रुवारीला आणि नदी ११ फेब्रुवारीला होती. मी स्वतः वाचलं होतं की तायरोना १ ते १५ फेब्रुवारी बंद असतं, तिथले आदिवासी त्या जमिनीला विश्रांती देतात म्हणून. आणि नदीचा रंग साधारण जून ते नोव्हेंबर, बाकीच्या कोरड्या महिन्यांत पाणी उतरतं, नुसता खडक दिसतो, पर्यटकांना सोडतही नाहीत. मी विचारलं त्याला, फोनवर, स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "ताई, तो दक्षिण गोलार्ध आहे, तिकडे सीझन उलटे असतात, आणि तायरोनाची आपल्याकडे स्पेशल परमिशन आहे." आणि मी बरं म्हणाले. २२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. ला माकारेना विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, नकाशा भिंतीवर लावलेला आहे माझ्या घरी, उठून बोट ठेवायचं होतं फक्त. सासूबाई तेव्हा हॉस्पिटलात होत्या, डोकं ठिकाणावर नव्हतं, पण बोट ठेवायला किती वेळ लागतो?

दुसरं म्हणजे पीएनआर, विमानाच्या बुकिंगचा नंबर. त्याने २ डिसेंबरला पाठवला, मी एअरलाइनच्या साइटवर टाकला, दोघांची नावं बरोबर दिसली. मला वाटलं तिकीट झालं. नाही! तो नुसता होल्ड होता, म्हणजे तिकीट न काढता जागा धरून ठेवलेली. तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट नंबर येतो, तो मागा, आणि दर आठवड्याला परत तपासा. मी एकदाच बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ३,१९,२५० पाठवले, तेही वेगळ्या खात्यात, "कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय" म्हणाला म्हणून. पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं आता, ते कंपनीचं नव्हतंच, कुठल्यातरी बाईचं होतं. हे मागून वाकून बघत होते, म्हणाले हे कोण? मी म्हटलं त्याची अकाउंटंट असेल. मीच म्हटलं. यांनी मला आजपर्यंत त्यावरून एक शब्द ऐकवला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. आणि टॅक्स कापतोय म्हणजे कायदेशीर असणार असंही वाटलं होतं, फेब्रुवारीत २६एएस, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडला तर त्या ३४,२५० चा मागमूस नाही.

१९ जानेवारीला फोन बंद. निघायचं होतं ४ फेब्रुवारीला.

त्यानंतरची वणवण ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे तुम्ही माणसाला कॅफेत प्रत्यक्ष भेटलाय, हे सायबर नाही, हद्दीतल्या स्टेशनला जा. परत आलो तर त्याचं ऑफिस दुसऱ्या हद्दीत. अहो झीरो एफआयआर कायद्यात लिहिलेलं आहे, हद्द कुठलीही असो नोंदवावीच लागते, हे मी वाचून गेले होते, तर साहेब म्हणतात, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." आणि वर, "इतक्या लांब जायचंच कशाला या वयात, महाबळेश्वर काय वाईट आहे?" चार तास बाकावर बसवून हे ऐकवलं, यांना शुगर आहे, पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. आमचे पैसे, आमची हौस, त्याचा हिशोब पोलिसांना कशाला द्यायचा? चोर बाहेर नवीन ग्रुप काढून बसलाय आणि आम्ही गुन्हेगारासारखे उभे. बँकेत तर मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकलात ना. अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाही, पोचसाठी तीन चकरा. शेवटी एका खात्यात ४१,३०० गोठवलेत म्हणे.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी दीड दिवस "तो करेल फोन" म्हणून वाट बघितली, तोपर्यंत खाती रिकामी. भेटला असाल तरी तक्रारीत ऑनलाइन व्यवहार आधी लिहा. आणि ग्रुपमधल्या लोकांशी स्वतंत्र फोनवर बोला, आमच्या ग्रुपमध्ये १४ नंबर होते, मला आतापर्यंत खरी माणसं पाचच सापडलीत, बाकीचे "मस्त प्लॅन सर" लिहायचे ते त्याचेच असणार.

पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मात्र खरं आहे, ते आम्ही स्वतः सरकारी केंद्रावर रांग लावून घेतलं. जन्मभर चालतं ते.

ग्राहक आयोगात केस टाकतोय. फेब्रुवारीच्या कोलंबिया ग्रुपमधलं कोणी हे वाचत असेल तर तुमच्या पावत्या आणि चॅट डिलीट करू नका, मला मेसेज करा, एकत्र तक्रार केली तर आपल्याला बाकावर बसवून ठेवणं त्यांना जड जाईल.