जागेवरचे मस: आधी कॉटरी, मग सोळा आठवडे क्रीम, आणि आता आठ महिने झाले

पहिल्यांदा हाताला लागलं ते महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी, न्हाताना. खाली लघवीच्या नाजूक जागेवर, तांदळाच्या कणीएवढं, खरबरीत. मोड असेल म्हणून सोडून दिलं. दसऱ्यापर्यंत त्या एकाचे आठ झाले, त्यातले दोन फुलकोबीच्या तुऱ्यासारखे. दुखत नव्हते, खाजत मात्र होते. मी लातूरची, वय अडतीस, दोन मुलं. या दुखण्याबद्दल बाईने मराठीत नीट लिहिलेलं मला तेव्हा कुठेच सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, "मस आहेत, जाळून टाकू, मुळासकट जातील." मुळासकट हा शब्द मी घट्ट धरून बसले. कॉटरी म्हणजे विजेच्या तापलेल्या टोकाने मस जाळणं. सुन्न करायचं इंजेक्शन नाजूक जागेवर देतात, पूर्ण प्रकारात तेच सगळ्यात जास्त दुखलं. नंतर फक्त चरचर आवाज आणि जळलेल्या केसांसारखा वास. वीस मिनिटांत आठही गेले. खरा त्रास घरी आल्यावर. लघवीला बसलं की आग आग. सिस्टरनी सांगितलेला उपाय कामाला आला: लघवी करतानाच तांब्याने कोमट पाणी सोडत राहायचं. दहा दिवस परकर सोडून काही अंगाला सहन होत नव्हतं, स्कूटीवर बसणं तर बंदच. खपल्या पडल्या, कातडी गुळगुळीत झाली, आणि मी सुटले असं समजले.

सात आठवड्यांनी पुन्हा तीन. जुन्या जागेच्या जरा बाजूला.

त्या दिवशी न्हाणीघरात मी खूप रडले. परत उगवल्याचं दुःख होतंच, पण हे होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा राग जास्त होता. दुसऱ्या डॉक्टर, त्वचारोग तज्ज्ञ बाई, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मस हा वरचा कोंब. तो उगवतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे, आणि हा विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो. कॉटरी, लेझर, नायट्रोजनने गोठवणं, कात्रीने काढणं, या सगळ्या रीती कोंब काढतात. कातडीतला विषाणू त्यांनी जात नाही. म्हणून कुठल्याही उपचारानंतर मस परत येऊ शकतात, आणि येणारे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच येतात. हे पाच मिनिटांचं बोलणं मला कॉटरीच्या आधी हवं होतं.

त्यांनी इमिक्विमॉड क्रीम दिलं, पाच टक्क्यांचं. हे क्रीम मस जाळत नाही, त्या जागेवरची आपलीच प्रतिकारशक्ती जागी करतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री झोपताना पातळसा थर लावायचा, सहा ते दहा तासांनी साबणाने धुवायचा, असं जास्तीत जास्त सोळा आठवडे. फक्त बाहेरच्या मसांना, आत लावायचं नाही. लावलेल्या रात्री नवऱ्यापासून लांब राहायचं, आणि निरोधवर भरवसा ठेवायचा नाही, कारण हे क्रीम रबर कमजोर करतं. आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवस येत नाही, म्हणून त्या तीन रात्री मी आधी बादलीभर पाणी बाजूला काढायचे आणि मग पाऊच फोडायचे.

दोन आठवडे काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात जागा लाल, ओली, मिरचीचा हात लागल्यासारखी. अंगात कणकण आली. येळवशीला शेतात सगळे कोपीभोवती पंगतीला बसले होते, भज्जी-आंबिल वाढणं चालू होतं, आणि मला खाली बसता येईना. पित्त झालंय म्हणाले आणि उभीच राहिले. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, आठवडाभर थांबा, बरं वाटलं की परत चालू करा. असं थांबणं चालतं, हे लक्षात ठेवा. मी तिथेच सोडून देणार होते. नवव्या आठवड्यात मस सुकायला लागले. गुढीपाडव्याच्या आसपास एकही उरला नाही, त्याला आता आठ महिने झाले.

माझं मत विचाराल तर मस थोडे आणि बारीक असतील तर आधी क्रीम. मोठे, दाट किंवा आतल्या बाजूला असतील तर क्रीमची वाट बघण्यात अर्थ नाही, कॉटरी किंवा लेझरच बरं. कॉटरी वाईट नव्हती, मला वाईट वाटलं ते अर्धवट सांगण्याचं. पैसे दोन्हीकडे शेवटी सारखेच गेले. पोट राहिलं असेल किंवा शंका असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. पोडोफिलिन नावाचं तपकिरी औषध गरोदरपणात अजिबात चालत नाही, इमिक्विमॉडही टाळतात. तेव्हा डॉक्टर स्वतः टीसीए नावाचं मस जाळणारं औषध लावतात किंवा मस गोठवतात. आणि चुना, ॲसिड, पायाच्या भोवरीचं औषध या जागेला लावू नका, कातडी जळते.

आता ज्याने माझी झोप उडाली होती ते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, मग नवऱ्याने आणलं का? की हे माझ्यावर संशय घेतील? आम्ही दोघं महिनाभर नीट बोललो नाही. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा विषाणू अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प राहतो, त्यामुळे कुणाकडून कधी आला हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. घरी येताना गाडी थांबवून ह्यांनी मला उसाचा रस पाजला. तेवढंच, पण मला ते पुरलं.

कॅन्सरची भीतीही मनात होती. मस बहुतेक वेळा एचपीव्ही 6 आणि 11 ने होतात, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे मुख्यतः 16 आणि 18 असतात. तरी पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली, शिवाय एचआयव्ही आणि गरमीची व्हीडीआरएल तपासणी, कारण गरमीचेही असेच दिसणारे चट्टे येतात. सगळं नॉर्मल. तेरा वर्षांच्या मुलीला पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस चालू केली, तिच्यात हे चारही प्रकार आहेत. त्या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आधी झालेले मस मात्र लसीने जात नाहीत, मी विचारून घेतलं.

खासगीचा खर्च झेपत नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि सल्ला फुकट मिळतो. मी एका शेजारणीला घेऊन गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगावा लागला नाही, "स्किनला दाखवायचंय" एवढं म्हटलं आणि काम झालं.